काम चालू असेल तरच

नियम असा: हँगरमध्ये हौसेचं विमान बांधता येईल, पण काम चालू असेल तरच.

विमानतळाच्या अधिकाऱ्यानं अर्धवट पंखावरून बोट फिरवलं. धुळीत रेघ उमटली.

“वहिनी, दादा गेल्यापासून इथे एक रिव्हेट बसलेला नाही. जागा सोडावी लागेल.”

“रिव्हेट मारायला दोघं लागतात, साहेब. हे बाहेरून गन चालवायचे, मी आतून लोखंडी ठोकळा टेकवून धरायचे. आता धरणारी उरलीय, मारणारा नाही.”

“मी तरी काय करू? नियम माझा नाही.”

तिनं कंप्रेसर सुरू केला, भिंतीवरची गन उतरवली आणि ठोकळा त्याच्यापुढे केला.

“आज मारणारी मी. तुम्ही धरा.”

त्यानं आपल्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिलं. मग बाही वर सारून खांद्यापर्यंत हात पंखाच्या पोकळीत घातला. “हं, मारा.”

गन कडाडली. तिनं मारलेला पहिलाच रिव्हेट वाकडा बसला.

“शी! हा काढून पुन्हा मारावा लागणार,” ती म्हणाली.

हात बाहेर न काढता तो म्हणाला, “म्हणजे काम चालू आहे.”