बदली

बसचा ड्रायव्हर अलीकडे जिना चढताना मध्येच थांबायचा आणि कुणी बघितलंच, तर बुटाची लेस बांधायचं सोंग करायचा. वडील हृदयविकारानेच गेले होते, त्यामुळे कंपनीची वार्षिक तपासणी जवळ आली तशी त्याची गाळण उडाली. ट्रेडमिलवर पितळ उघडं पडलं, तर हातातलं स्टिअरिंग कायमचं सुटणार! शेवटी त्याने धाकट्या भावाला गळ घातली. धाकटा तोंडावळ्याने हुबेहूब त्याच्यासारखा, पण रोज मैदानावर धावणारा धडधाकट गडी. "दादा, तुझ्यासाठी एवढंही करणार नाही का?" म्हणत तो भावाचं ओळखपत्र घेऊन गेला आणि हसत हसत तपासणी करून आला.

दुसऱ्या दिवशी दोघे जेवायला बसले असताना डॉक्टरांचा फोन आला. हात खरकटा म्हणून ड्रायव्हरने तो स्पीकरवर घेतला. "तुमच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत मोठा अडथळा असावा, असं दिसतंय. गाडीला हात लावू नका, आजच दाखल व्हा."

ड्रायव्हरने फोन आपटला.

"घालवलीस माझी नोकरी! एक काम सांगितलं, तेही धड जमलं नाही तुला? आता मी काय तोंड घेऊन कामावर जाऊ?"

धाकट्याने हातातला घास परत ताटात ठेवला.



"दादा, रागावू नकोस, पण... दाखल मला व्हायचंय ना?" त्याने हळूच विचारलं, आणि ड्रायव्हरची मान जी खाली गेली, ती हॉस्पिटलच्या दारापर्यंत वर झाली नाही.