एक घर कमी

“एक घर कमी हाय,” पोचू म्हणाला.

आता बोला! गुणवंतरावांनी कपाळावर हात मारून घेतला. टेकाडावर नवं कोरं गाव उभं होतं. कौलारू घरं, सरळ रस्ते, मधोमध विहीर, शाळेसाठी सोडलेली जागा. खालचं जुनं गाव नाल्याला पूर आला की बुडायचं, म्हणून सरकारनं हे काम गुणवंतरावांच्या कंपनीला दिलं होतं. कुटुंबामागे एक घर, मोजून. काम कधीचंच संपलं होतं. पण राहायला एक कुत्रंसुद्धा येत नव्हतं, आणि उद्या सकाळी कलेक्टरसाहेब पाहायला येणार होते.

उद्या चुलींचा धूर दिसला, तर बल्लारपूरकडच्या कामगार वसाहतीचं मोठं काम कंपनीला मिळणार होतं. घरं रिकामी दिसली, तर ते नागपूरच्या ठेकेदाराच्या घशात जाणार होतं. मग काय, पुन्हा गोठे बांधा! गुणवंतरावांची सुरुवात गोठ्यांपासूनच झाली होती. पुढे ब्रह्मपुरीत एका मास्तरांचं दोन खोल्यांचं घर बांधलं, ते चार लोकांना आवडलं. मग वडशाला स्टेशनाजवळ चाळ झाली, चांद्याला अख्खी आळी झाली. आता तर आधी नकाशा, मग रस्ते, मग घरं, असं सगळं शिस्तीत चालायचं. आणि कुरखेड्याच्या या रानात येऊन ती शिस्त रुतून बसली होती.

पोचू हा गावातला जाणता माणूस. ‘एक घर कमी हाय’ असं तो पहिल्यांदा म्हणाला तेव्हा गुणवंतरावांना वाटलं, देवाचं राहिलं असेल. त्यांनी मोहाच्या झाडाखाली देवाची मढी बांधून दिली. माणसं आली, कोंबडं कापलं, जेवली आणि परत खाली गेली. मग वाटलं, पोरापोरींचं रात्री जमून नाचायगायचं घर, म्हणजे गोटूल, राहिलं. तेही बांधलं. त्यासाठी एक रस्ता वाकवावा लागला, तेव्हा गुणवंतरावांचा जीव तिळतिळ तुटला. पोरं ढोल घेऊन आली, मनसोक्त नाचली आणि घरी गेली. घरी म्हणजे खाली, नाल्याकाठी, त्या चिखलात!

कोणाचं घर कमी आहे, हे विचारायची मात्र सोय नव्हती. “तुमाले ठाऊकच हाय मालक,” असं म्हणून पोचू लाजल्यासारखा हसायचा. आणि आपल्याला ठाऊक नाही हे कबूल करतील तर ते गुणवंतराव कसले?

पण आज त्यांचा तोल सुटला.

“पन कोनाचं, कोनाचं घर कमी हाय बाबा?” ते ओरडले. “देवाचं झालं, गोटूल झालं, आता का भुताचं बांधू? डोकं खाऊन टाकलं राजेहो तुमी! मले नाई ठाऊक! सांग एकदाचं!”

पोचू चांगलाच गडबडला. त्यानं मागं उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. सगळे माना खाली घालून उभे होते.

“तुमचं, मालक,” तो हळूच म्हणाला.

“माह्यं?”

“मंग? तुमीच तं येऊन म्हनलं, मी तुमचं गाव बसवतो. जो गाव बसवते, तो गावचा गायता. देवाचं त्यानंच कराव लागते. त्याची चूल आधी पेटते, मंग त्याच चुलीतला इस्तो घेऊन बाकीच्याईच्या. आमी दिवाळीपासून वाट पाहून राह्यलो. मालक आपलं घर काऊन नाई बांधून राह्यला, म्हनून बायका रोज पुसतेत. मोठ्या मानसाले कसं सांगाव?”

गुणवंतरावांना हसावं की रडावं कळेना. “अरे, धंदा हाय हा आमचा! म्हनाची पद्धत असते तशी! मी वडशाले बांधलं, चांद्याले बांधलं, ब्रह्मपुरीले तं किती बांधलं. सगळीकडं का मीच राहाले जाऊ?”

“त्यातल्या कोन्या गावात हाय तुमचं घर?”

“नाई. किरायानं राहतो. जिथी काम, तिथी खोली.”

“कुठीच नाई?” पोचूनं विचारलं. त्याला खरोखर वाईट वाटलं होतं.

आता मात्र हद्द झाली. गुणवंतराव तरातरा बायकोकडे निघाले. उद्या साहेबांच्या जेवणाचं पाहायला भागीरथाबाई भांडीकुंडी घेऊन बैलगाडीनं आल्या होत्या. पोचूची सून बुधरी हिच्याशेजारी बसून त्या तांदूळ निवडत होत्या. नवऱ्याचा आरडाओरडा त्यांनी पहिल्यापासून ऐकला होता. आता त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि कंपनीचा चुना ठेवायच्या कोठीत डोकावून पाहिलं.

“मुखरू,” त्यांनी मिस्त्रीला हाक मारली, “हा चुना बाहेर काढ. गाडीतली भांडी इथीच उतरव. बुधरी, तीन दगड आन बाई, चूल मांडू.”

“तुह्यं डोकंबिकं फिरलं का?” गुणवंतराव कडाडले. “हे लोकं तं अडानी हायत. याईचं एकच टुमनं, एक घर कमी हाय, एक घर कमी हाय! तुले तं समजते ना?”

भागीरथाबाई कोठीच्या दारात उभ्या राहिल्या.

“लगन झालं तवापासून,” त्या म्हणाल्या, “मी दुसरं काय सांगून राह्यली तुमाले?”