चाळिसावी डबी

धरणाखाली गेलेलं कारंबवाडी गाव चाळीस घरांनी चाळीस क्वांटम डब्यांत गुंफून ठेवलं होतं. एकट्या डबीत काहीच नसे. जत्रेला सगळ्या डब्या जुळवल्या, की गाव उभं राही आणि विहिरीपाशी द्वारकाबाईंना आईची हाक ऐकू येई.

यंदा जत्रेच्या परवानगीसाठी पुनर्वसन कार्यालयाने त्यांची डबी मागवली. द्वारकाबाई ती परत घ्यायला गेल्या, तर सील फोडलेलं.

"उघडलीत?"

"आजी, आत बघितल्याशिवाय शिक्का कसा मारणार?" साहेब म्हणाला. "रिकामीच होती."

"मुडद्या, एक उघडली की चाळीसही विझतात! कागदावर लिहून दिलं होतं ना?"

त्याने परवानगीचा कागद पुढे सरकवला.

द्वारकाबाईंनी तो टराटरा फाडला.

"आता जत्रेला तूच ये. आणि माझ्या आईच्या आवाजात मला हाक मार."