मेल्यावरचं हसू

“कट! झकास! गेल्या आईसाहेब!” दिग्दर्शक निलेश ओरडला आणि सेटवर टाळ्या पडल्या.

रत्नप्रभाबाई डोळे मिटून तिरडीवर तशाच पडून राहिल्या. अंगावर पैठणी, नाकात कापूस आणि कापसावर नथ. आईसाहेब मरतानासुद्धा नटून मरत होत्या.

दिंडोशीच्या या स्टुडिओत त्यांनी अकरा वर्षं मालिकेतल्या सुनांना छळलं होतं. तीन सुना बदलल्या, मुलाचा चेहरा दोनदा बदलला, आईसाहेब तेवढ्या त्याच राहिल्या. आज सकाळी मेकअपच्या खुर्चीत त्यांना कळलं, की दुपारच्या जेवणाआधी आपण मरणार. चॅनेलला म्हणे तरुण प्रेक्षक हवा होता.

“ताई, हसा ना आता,” निलेश म्हणाला. “कॅमेरा चालू ठेवलाय.”

मरणाचा शॉट झाला की नटाने उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, ही या धंद्यातली जुनी रीत. खोटं मरण त्या हसण्याने पुसलं जातं. भांडुपच्या एका मालिकेत अंबादासकाका नावाचे नट मरणाच्या शॉटनंतर न हसताच चहाला गेले होते. पंधराव्या दिवशी मालिकाच बंद पडली.

रत्नप्रभाबाई याआधी चार मालिकांत मेल्या होत्या. चारही वेळा शहाण्यासारख्या हसल्या आणि बोरिवलीच्या घरी जाऊन बसल्या. तेव्हा वय होतं, फोन यायचे. आता सदुसष्टाव्या वर्षी कोण फोन करणार? उद्यापासून सकाळी गाडी येणार नाही, “आलात का ताई?” असं कुणी विचारणार नाही, या विचाराने त्यांना खरोखर भीती वाटली. हसू काही येईना.

“येत नाही रे हसू,” त्या डोळे न उघडता म्हणाल्या. “अकरा वर्षं डोळे वटारायला लावलेत. सवय गेली.”

निलेशने विनोद सांगून पाहिले. लाइटवाल्यांनी नाचून दाखवलं. मग कुणीतरी निर्माते चंद्रप्रकाश यांना फोन लावला.

चंद्रप्रकाश अंधेरीहून धापा टाकत आले. दर सोमवारी सेटवर नारळ फोडणारा, मुहूर्त बघून जाहिरात सोडणारा माणूस तो. त्यांनी आल्या आल्या बाईंवरून लिंबू उतरवलं आणि हात जोडले. “रत्नाताई, एकदाच हसा हो. माझी वाट लागेल!”

लिंबू नथीला घासून गेलं आणि रत्नप्रभाबाईंना आतून जोराचं हसू फुटलं. अकरा वर्षांचा सगळा अभिनय पणाला लावून त्यांनी ते गालातच दाबलं.

“मी काय मुद्दाम करतेय? मरणच मनाला पटत नाही, तर हसू कुठून येणार?”

चंद्रप्रकाश घाम पुसत लेखिकेकडे वळले. “ऋतिका, यांना मारू नकोस. बोट हलव यांचं.”

“सर, नाकात कापूस घातलाय! डॉक्टरने सर्टिफिकेटसुद्धा दिलंय.”

“मागच्या दिवाळीत यांचा मुलगा चितेवरून उठला होता ना? कुणी विचारलं काही? चॅनेलशी मी बोलतो. तू बोट हलव.”

ऋतिकाने जागच्या जागी दोन ओळी लिहिल्या. दिवे लागले. सुनांनी पुन्हा हंबरडा फोडला. आईसाहेबांचं बोट हललं, मग दुसरं हललं, मग त्यांनी स्वतःच नाकातला कापूस उपटून सुनेकडे डोळे वटारले. हे शेवटचं लिहिलेलं नव्हतं.

“कट!” निलेशने घाम पुसला.

चंद्रप्रकाश कॅमेऱ्याशेजारी अजून हात जोडून उभे होते. “आता तरी हसा, ताई.”

रत्नप्रभाबाईंनी नथ सरळ केली आणि त्या तिरडीवरून उतरल्या.

“हसायचं मेलेल्याने असतं, चंद्रप्रकाश. मी कुठे मेलेय?”