रेडकाचं पोट

ओढ्याच्या ढासळलेल्या दरडीत हजारो वर्षांपूर्वीच्या रानम्हशीच्या रेडकाची हाडं निघाली. धाराशिवहून आलेल्या पुरातत्त्व खात्याच्या मॅडम बलभीमच्या ओसरीत चहा घेत त्याला हाडावरच्या बारीक चिरा दाखवत होत्या.

"काका, शिकाऱ्यांनी दगडाच्या पात्यानं याचं कातडं सोललंय."

"एवढ्याशा लेकराचं? जीव तरी कसा झाला वो त्यांचा?"

"उपाशी होती ती माणसं." मॅडमनी घोट घेतला. "चहा मस्त झालाय. दूध घरचंच ना?"

"व्हय," म्हणताना बलभीमची नजर गोठ्याकडं गेली. म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून त्यानं तिच्यापुढं तिच्या मेलेल्या रेडकाचं कातडं पेंढा भरून उभं केलं होतं. ती ते चाटत होती.



सगळं दूध डेअरीला जावं म्हणून त्यानं उपाशी मारलेल्या रेडकाचं पोट आता गच्च भरलेलं होतं.