मैत्रीचा बाक

"हा आमचा मैत्रीचा बाक," पालकभेटीच्या दिवशी मुख्याध्यापक मला म्हणाले. "परीक्षेच्या ताणात कुणाला एकटं वाटलं की इथे बसायचं, मग बाकीची मुलं येऊन बोलतात. वर्षभरात एकही मूल बसलेलं नाही. म्हणजे आमच्याकडे कुणी एकटं नाहीच." बाक कोरा करकरीत होता, धूळसुद्धा विचारून बसत असावी. तान्ह्याला कडेवर सावरत मी लेकीकडे पाहिलं. शाळा बदलल्यापासून तिचं बोलणं आटलं होतं. "तू का नाही बसत गं?" "बसलं की सगळे रडूबाई म्हणतात." "मधल्या सुट्टीत कुठे असतेस?" "संडासात. कडी लावून डबा खाते." मुख्याध्यापक ऐकून न ऐकल्यासारखं करत पुढच्या पालकांकडे वळले. मी तिला घेऊन बाकावर बसले. ती कुशीत तोंड खुपसून रडायला लागली. आमच्याकडे बोट दाखवत ते त्या पालकांना म्हणाले, "पाहिलंत? इथे मुलं अशी मन मोकळं करतात."