कोणी सुचवला

यशवंतरावांनी मुलाचं ओळखपत्र टेबलावर ठेवलं, पण हातातून काही सोडवेना. शार्दूल चाकणच्या या कंपनीत नव्या गाड्या चालवून बघायचा. महिन्यापूर्वी चाचणीच्या आवारातलं फाटक लावायला तो खाली उतरला, गाडी चालूच राहिली आणि मागून त्याच्यावर आली. फाटकाशीच गेला बिचारा.

"पोरगं सांगायचं, मॅडमनी आशी भाषा केलीया की मला बी वाचता येतीया. बघू द्या की जरा."

मॅडम म्हणजे समोर बसलेली पद्मजा. संगणकासाठीची ही भाषा तिनेच बनवलेली. गाडीच्या सुरक्षेचे नियम तीत साध्या मराठीत लिहायचे. त्यावरून गाडीचा प्रोग्राम संगणक आपला आपण तयार करतो. ड्रायव्हरांनी वाचावं, चुका काढाव्यात, म्हणून तर एवढा खटाटोप केला होता. आणि त्या गुणी पोराने चूक काढलीही होती!

नवा नियम तिने आजच लिहिला होता. 'कोणी सुचवला' आणि 'कधी' हे दोन रकाने भरल्याशिवाय ती भाषा नियम घेतच नाही. ही अटही पद्मजाचीच. "तिथे माझं नाव टाक, तारीख आजची टाक आणि मोकळी हो," असं तिचे वरिष्ठ क्षितिज सर सकाळीच बजावून गेले होते.

तिने खरं तेच भरलं. मग स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

यशवंतराव बोट लावून वाचू लागले. "सीट रिकामी असेल... तर गाडी... हलणार नाही." बोट खाली सरकलं. "सुचवला, शार्दूल, ड्रायव्हर. चार मार्च." बोट थांबलं. "ह्ये तर लई आधीचं हाय. तवा त्यो व्हता की."

"हो, काका. त्याने सांगितलं होतं. मीच म्हटलं, आत्ता गडबड आहे, पुढच्या वेळी घेऊ." तिला रडू आवरेना. "चुकलं माझं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओळखपत्रावरचा फोटो त्यांनी अंगठ्याने पुसला, उगाचच.

"एकच तर वळ हाय," ते म्हणाले. "लिवायला किती येळ लागला?"

पद्मजाने स्क्रीनवरच्या त्या ओळीकडे पाहिलं.

"दहा मिनिटं, काका."